भट्टी काही जमेना

महानगरपालिकेच्या नावात कुपवाड तिसरे आहे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड एका पाटीवर आली, तेव्हा सांगलीकडे गणपती, नाटक आणि हळद होती. मिरजेकडे दवाखाने, सतारी आणि रेल्वेचे जंक्शन होते. कुपवाडकडे एमआयडीसी होती. त्यामुळे आजही पाहुणा आला की त्याला गणपती मंदिर दाखवतात, आयर्विन पुलावर उभा करून फोटो काढतात आणि जाताना भडंग बांधून देतात. कुपवाड बघायला कुणी जात नाही. कुपवाडला माणूस काहीतरी बनवून घ्यायला जातो.

बनवून घेण्याचा विधी ठरलेला आहे. शेडच्या दारात उभे राहायचे. आत ग्राइंडर चालू असतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटे खाणाखुणांत जातात. मग मालक बाहेर येतो, चहा सांगतो, कुठल्या तरी जुन्या चलनाची मागची बाजू काढतो आणि त्यावर रेघोट्या ओढू लागतो. तुम्ही दूध गार ठेवायची टाकी मागा, गुऱ्हाळाची काहील मागा, मंदिराच्या शिखराचा सांगाडा मागा. रेघोट्या संपल्या की तो मान वर करतो आणि म्हणतो, "व्हतंय की." या दोन शब्दांवर निम्मी एमआयडीसी उभी आहे. कसे व्हतंय, कधी व्हतंय आणि केवढ्याला व्हतंय, या पुढच्या गोष्टी. नाही म्हणायची पद्धत तिथे नाही.

ती पद्धत आमच्या दाजींनी सुरू करायला लावली.

दाजी तासगावकडचे. द्राक्षबागायतदार. ज्या तालुक्यातल्या बोरगावच्या शिवारात 'तास-ए-गणेश' ही जात निघाली, त्या तालुक्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. पण द्राक्षबागायतदाराचे आयुष्य कसे असते हे ज्याच्या घरात तो आहे त्यालाच कळते. ऑक्टोबरात छाटणी. मग औषधे. मग आणखी औषधे. मग ढग. ढग आले की घरातले सगळे हलक्या आवाजात बोलायला लागतात. फेब्रुवारीत माल तयार झाला की व्यापारी येतो, दर ठरतो, दुसऱ्या दिवशी दर पडतो, तिसऱ्या दिवशी व्यापारी फोन उचलत नाही. उरलेल्याचा बेदाणा करायचा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाला पाऊस कळत नाही. शेडवर माल असताना पाऊस आला की बेदाणा काळा पडतो. तेव्हा दाजी दरवर्षी मार्चअखेरीला एकच वाक्य बोलतात, "ह्याचं दुसरं काहीतरी केलं पाहिजे."

यंदा ते 'दुसरं काहीतरी' त्यांना फोनवर सापडले. परदेशातला एक दाढीवाला माणूस गोठ्यासारख्या लाकडी शेडमध्ये उभा होता. मागे तांब्याचे चकचकीत भांडे, त्याला हंसाच्या मानेसारखी नळी. तो स्वतःच्या शेतातल्या फळांची दारू गाळत होता, छोट्या बाटलीत भरत होता आणि बाटलीची जी किंमत सांगत होता तिच्यात आमच्याकडे क्रेटची थप्पी आली असती. शिवाय अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात हे शिकवायची शाळाही आहे, पाच दिवसांचा वर्ग, स्वतःच्या हाताने भट्टी चालवून बघायची. शाळेचे नाव मूनशाइन युनिव्हर्सिटी. म्हणजे चांदण्यात चोरून गाळायच्या दारूच्या नावाने विद्यापीठ. आमच्याकडे विद्यापीठाच्या नामांतराला आंदोलने होतात, तिकडे हे.

"पाव्हणं," दाजी म्हणाले, "दोनशे लिटरचं असलं भांडं कुपवाडला केवढ्याला बनंल?"

प्रश्न वेडगळ नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. या भागात काय नाही? पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, जिथे १९१० पासून लोखंडाला आकार देणे चालू आहे. सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ पासून अभियंते बाहेर सोडते आहे. भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ पासून, त्यामुळे पातळ पदार्थ स्टीलच्या टाकीतून नळीत आणि नळीतून टाकीत कसा न्यायचा हे इकडच्या वेल्डरला झोपेत विचारले तरी येते. विट्याकडची गलाईवाली मंडळी देशभरातल्या सराफ पेठांत सोन्याची भट्टी लावून बसली आहेत, म्हणजे भट्टीपुढे बसून घाम गाळायची सवय जिल्ह्याच्या रक्तात आहे. मिरजेला तर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस संपताच सतारी बनवायला घेतल्या. जो कारागीर तलवारीवरून तंबोऱ्यावर जातो, त्याला काहिलीवरून भट्टीवर जाणे किती अवघड? कच्चा माल आहे, कारागीर आहेत, आणि पिणाऱ्यांची या जिल्ह्याला कधी ददात पडली नाही.

तेव्हा आम्ही कुपवाडला गेलो. चहा आला. चलन उलटे झाले. रेघोट्या सुरू झाल्या.

आणि खरे सांगतो, मालक त्या दाढीवाल्यापेक्षा हुशार निघाले. दाजींनी फोनवरचे चित्र दाखवताच त्यांनी ते बोटांनी मोठे केले आणि दाढीवाल्याला बाजूला सारून नळीचा जोड बघितला. "हे सगळं तांब्यात कशाला?" हा पहिला प्रश्न. उत्तर दाजींना पाठ होते. आंबताना गंधकाची संयुगे तयार होतात, त्यांना अंड्यासारखा घाण वास असतो, वाफ गरम तांब्याला लागली की ती संयुगे तांब्याला चिकटून राहतात आणि दारूत येत नाहीत. म्हणून स्कॉटलंडमध्ये रोथेस गावातले फोर्सिथ्सवाले असोत की लुईव्हिलचे व्हेंडोमवाले, भांडे तांब्याचेच ठोकतात. मालकांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "वाफंला तांबं लागायला पाहिजे न्हवं? मग खाली तीनशे चारचं स्टील टाकू. वरचं डोस्कं तेवढं तांब्याचं. निम्म्यात बसतंय." आता खालचा भाग स्टीलचा आणि वरचा तांब्याचा अशा भट्ट्या जगात विकल्या जातात. त्यांच्या शोधाला कुणाला किती वर्षे लागली माहीत नाही. कुपवाडला अर्धा कप चहा लागला.

पुढे सगळे भराभर ठरत गेले. खाली डिश एंड. भोवती जॅकेट, म्हणजे आच थेट लागून बुडाला करपणार नाही. वर मॅनहोल. साफ करायला सोपे म्हणून नळ्यांना डेअरीसारखे क्लॅम्प. आतून बफिंग. आर्गन वेल्डिंग. कंडेन्सरमध्ये गार पाणी खालून आत आणि वरून बाहेर. ते उलटे का, हे मालकांनी आम्हाला समजावून सांगितले, आम्ही माना डोलावल्या. चलनावर एक देखणे चित्र तयार झाले होते. 'व्हतंय की' मालकांच्या ओठांवर आलेले मला दिसत होते.

मग त्यांनी सहज विचारले, "आत घालायचं काय?"

"द्राक्षाचा रस," दाजी.

"गोड का आंबलेला?"

दाजींनी चहाचा घोट घेतला. "आंबलेला."

पेन थांबले. मालकांनी चलन सुलटे केले. आता त्यावर फक्त कुठल्यातरी बेअरिंगची रक्कम दिसत होती. "दाजी," ते म्हणाले, "लायसन हाय का?"

मालकांना दोष देता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडच्या गोदामांतून मेफेड्रोनचा मोठा साठा बाहेर काढला तेव्हापासून इथे कुणी कंडेन्सर हा शब्द मोठ्याने उच्चारला तरी शेजारची शेड ग्राइंडर बंद करून ऐकते.

लायसनची गोष्ट अशी आहे. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. होय, आजही. गल्लीत तीन बार असले तरी वर कायदा दारूबंदीचाच. त्यातून सूट म्हणून पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो, आणि तो परवाना मिळतो आरोग्याचे रक्षण व्हावे म्हणून. एका दिवसाचे आरोग्य विदेशी दारूने राखायचे असेल तर पाच रुपये पडतात, देशीने राखायचे असेल तर दोन. देशी माणसाची प्रकृती सरकारी हिशेबात तीन रुपयांनी स्वस्त आहे. हा परवाना खिशात बाळगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण दाजींचे म्हणणे, असा एक त्यांच्या गावात होता आणि तो पीत नसे.

पिण्याचे असे, तर गाळण्याचे काय? कलम ६५. मादक पेय तयार करण्याच्या हेतूने भट्टी, भांडी, साहित्य, काहीही जवळ बाळगले तरी गुन्हा. कायद्याची खुबी 'हेतूने' या शब्दात आहे. तेच भांडे गुलाबपाण्यासाठी ठेवले तर उद्योजक, द्राक्षासाठी ठेवले तर आरोपी. आणि गंमत म्हणजे हेच यंत्र राज्य सरकार दरवर्षी लाखो मुलांकडून काढून घेते. शाळेतल्या विज्ञानात ऊर्ध्वपातन असते. सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. चंबू, तापमापी, संघनक, गार पाणी आत, गार पाणी बाहेर. आकृती काढली तर गुण, बांधली तर गुन्हा. आमच्या वर्गात जो मुलगा ही आकृती सर्वांत सुबक काढायचा, तो पुढे उत्पादन शुल्क खात्यात लागला आणि भट्ट्या फोडायच्या कामावर गेला. शिक्षण वाया गेले असे म्हणता येणार नाही.

तशी आमच्याकडे छोट्या भट्ट्यांची माहितीपत्रके छापून येत नाहीत असेही नाही. ती वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतात, फक्त बातमीच्या रूपात. परदेशी पत्रकात लिहिलेले असते: क्षमता दोनशे लिटर, तांब्याचे शिर, जर्मन बनावट. आमच्या बातमीतही तेच असते: दोनशे लिटर कच्चे रसायन, प्लास्टिकचे बॅरल, जर्मनची पातेली. पुढे काळा गूळ आणि नवसागर. परदेशी पत्रक संपते 'आजच मागणी नोंदवा' असे. आमचे संपते 'जागेवरच नष्ट करण्यात आले' असे. ओढ्याकाठी दगडांच्या चुलीवर, वर गार पाण्याची परात ठेवून, पंचनाम्याच्या छायेत जो माणूस अख्खी प्रक्रिया पार पाडतो त्याच्या हातात कसब नाही असे म्हणवत नाही. मात्र त्याच्या बॅरलमध्ये बोट बुडवायचे धाडसही माझ्यात नाही.

आणि इथेच प्रशिक्षणाचा खरा मुद्दा येतो. दाजींनी फोनवर जेवढे शिकता येते तेवढे शिकून घेतले होते. त्यातला पहिला धडा असा, की भट्टीतून बाहेर पडणारे सगळे प्यायचे नसते. तिकडे त्याचे तीन तुकडे करतात: डोके, काळीज आणि शेपूट. डोक्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट असले लवकर उडणारे पदार्थ येतात, वास नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा. ते टाकून द्यायचे. काळीज ठेवायचे. शेपटात जड, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येणारे अल्कोहोल, ते बाजूला ठेवून पुढच्या घाण्यात पुन्हा घालायचे. डोके कुठे संपते आणि काळीज कुठे सुरू होते हे तापमापी पूर्ण सांगत नाही. नाकाने ठरवायचे. पाच दिवसांच्या वर्गात माणूस पैसे भरून जातो तो एवढ्यासाठी.

आता हे आमच्याकडे शिकवून दाखवा. आमच्या रसिकाला लागते ती पहिल्या धारेची. गाण्यात, कुस्तीत, शिवीगाळीत, जे म्हणून कडक आणि अस्सल त्याला आपण पहिल्या धारेचे म्हणतो. पहिली धार जोरदार असते हे खरेच आहे, सुरुवातीला अल्कोहोलचे प्रमाण सर्वांत जास्त असते. पण त्या धारेची सुरुवातच नेमकी ओतून द्यायची असते. म्हणजे कुणी कुपवाडात प्रशिक्षण वर्ग काढलाच, तर पहिल्या दिवशी पहिल्या तासाला गुरुजी पहिली धार मोरीत ओतणार आणि दुसऱ्या तासाला वर्ग रिकामा होणार.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळते, इथेनॉल ७८.४ अंशाला, म्हणून पहिली वाटी फेकली की विष गेले, असे पुष्कळजण समजतात. तसे ते जात नाही. फळांच्या दारूत ते थोडे थोडे जवळपास शेवटपर्यंत येत राहते. सुदैवाने नीट आंबवलेल्या फळात ते मुळातच कमी असते. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली ती कुणी द्राक्षे वाईट गाळली म्हणून मेली नाहीत. कारखान्यात वापरायचे मिथेनॉल थेट दारूच्या नावाने विकले गेले होते.

"शिकायचंच असंल तर आपल्याकडं सोय न्हाई का?" दाजींनी विचारले. सोय आहे, आणि ती जंगी आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, नाव आमच्या सांगलीच्याच माणसाचे, आणि तिथे मद्यार्क तंत्रज्ञान शिकवले जाते. आजूबाजूचे साखर कारखाने मोजले तर निम्म्यांच्या आवारात डिस्टिलरीचे उंच मनोरे दिसतात. पण तिथल्या शिकलेल्या पोराला दाजींनी दोनशे लिटरचे भांडे दाखवले, तर तो विचारील, हे सॅम्पलसाठी का? त्याचे गणित दिवसाला हजारो लिटरचे. मळी आत, एका टोकाला स्पिरिट बाहेर, दुसऱ्या टोकाला स्पेंट वॉश आणि गावकऱ्यांचे निवेदन. तिथे डोके, काळीज, शेपूट काही नाही. मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर वाफ पुन्हा पुन्हा गाळली जाते आणि ९५.६ टक्क्यांपाशी येऊन अडते, त्यापुढे साध्या उकळण्याने पाणी निघत नाही. मग आणखी यंत्रे लावून तेही काढतात आणि ते पेट्रोलमध्ये घालतात. २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल वीस टक्क्यांवर गेले. जिल्ह्यातल्या डिस्टिलऱ्यांचे सर्वांत इमानी गिऱ्हाईक आता मोटरसायकल आहे. तिला परवानाही लागत नाही.

हा मनोरा सुधारून रूढ केला कुणी, तर एनियस कॉफी नावाच्या आयरिश गृहस्थाने. १८३० साली त्याने पेटंट घेतले. त्याआधीचा त्याचा धंदा काय? आयर्लंडच्या अबकारी खात्यात बडा अधिकारी. वर्षानुवर्षे लोकांच्या भट्ट्यांवर धाडी घातल्या आणि नोकरी सोडल्यावर म्हणाला, यापेक्षा चांगली मीच बांधतो. हे मी दाजींना सांगायला नको होते. तेव्हापासून ते माझ्या त्या सुबक आकृतीवाल्या वर्गमित्राचा नंबर मागत आहेत.

अगदी हाताने शिकायचे तर गोव्याला जायचे. तिथे प्रमाणपत्र नाही आणि फळाही नाही, पण काजूचा हंगाम आहे. बोंडू कोळंबीत पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा, भाणात घालून खाली लाकडे लावायची, आणि वाफ ज्या लवणीत उतरते तिच्यावर एक माणूस सतत गार पाणी ओतत बसायचा. पहिल्या गाळणीचा उराक, तो सौम्य. तो पुन्हा गाळला की फेणी. दारूचा कस बुडबुड्यांवरून ओळखणारे म्हातारे तिथे आहेत. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय म्हणून मान दिला. आणि सीमेच्या अलीकडे, आमच्या दोडामार्ग-सावंतवाडीचा शेतकरी काय करतो? बी ठेवून घेतो आणि बोंडू गाडीत भरून गोव्याला पाठवतो. तोच काजू, तीच माती, तोच पाऊस. बांद्याचा नाका ओलांडला की रसायनाचा वारसा होतो.

अर्थात छोट्यांना नाही म्हणणे ही काही आपलीच मिरास नाही. इंग्लंडचे महसूल खातेही अठराशे लिटरपेक्षा लहान भट्टीला परवाना द्यायला नाखूश असे. इतके छोटे म्हणजे चोरीचेच, असा साहेबाचा हिशेब. २००९ साली सिपस्मिथ नावाच्या मंडळींनी लंडनमध्ये जेमतेम तीनशे लिटरच्या भांड्याला परवाना मिळवला, आणि मग छोट्या भट्ट्यांचे पेव फुटले. आपल्याकडचा इतिहास याहून जुना आणि अधिक उदार आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे वेगळे प्रकरणच आहे. कुटुंबवत्सल माणसाला सणकार्याला घरी पांढरी सुरा आणि औषधाला अरिष्ट करायची मुभा, उत्सव-यात्रांना चार दिवसांची सवलत. पानागारात निजायची-बसायची सोय, फुले, सुगंध, पाणी, सगळे ऋतुमानाप्रमाणे सुखकर. जोडीला नशेत झोपलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर दागिने किती आणि कपडे कसले, यावर नजर ठेवायला हेर. दाजींना चार दिवसांची कल्पना फार आवडली. तासगावच्या गणपतीचा रथ निघतो त्याच्या आसपासचे चार दिवस मिळाले तरी चालतील, म्हणाले. हेरांबद्दल ते काही बोलले नाहीत. गावात ते काम फुकट होते.

सरकारला द्राक्षाचे वावडे आहे असेही म्हणता येत नाही. २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आले, नाशिककडे विंचूरला आणि आमच्या पलूसला वाइन पार्क झाले. विंचूर चालले. पलूसला टाक्या आल्या, पाट्या लागल्या, मग मंदी आली आणि पुष्कळ टाक्या थंडावल्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी दिली, त्यावर उपोषणाचे इशारे आले, आणि ती बाटली अजून बिस्किटांच्या शेजारी जाऊन बसलेली नाही. शिवाय दाजींची द्राक्षे खायची, वाइनची नव्हेत. पण ब्रँडीला ती चालतात. कॅलिफोर्नियात थॉम्पसन सीडलेसची ब्रँडी करतात. हे वाचल्या दिवशी दाजींनी बागेत जाऊन वेलींकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर बहिणीला आवडली नाही.

शेवटी तोडगा मालकांनीच काढला. नाही म्हणून घरी पाठवणे त्यांच्या जिवावर आले होते. चलन पुन्हा उलटे झाले. "जिरॅनियम लावताय का?" ते म्हणाले. "पाल्याचं तेल काढायचं. भांडं हेच. कंडेन्सर ह्योच. आत पाला घालायचा, वाफ सोडायची, वरनं तेल गोळा करायचं. कुठलं लायसन न्हाई. बिलावर 'सुगंधी तेल संयंत्र' लिवतो. व्हतंय की."

दाजींनी एका एकरात जिरॅनियम लावले. भांडे मात्र पाल्याच्या आधीच तयार झाले, कुपवाडच्या इतिहासात नोंदवावी अशी ही घटना. रिकाम्या भांड्याची चाचणी पाण्यावर घ्यायची ठरली. मालक म्हणाले, गळती बघायला तासभर उकळू. दाजी आले ते वही, काचेच्या स्वच्छ बाटल्या आणि गळ्यात अडकवलेला चष्मा घेऊन. फोनवर शिकलेले सगळे त्यांना आज हाताने करून बघायचे होते. पाणी असले म्हणून काय झाले?

बर्नर पेटला. जॅकेट तापले. तापमापी अठ्ठ्याण्णवच्या आसपास गेली आणि तिथेच बसली. दाजी म्हणाले, मीटर दोन अंशांनी चुकतंय, बदलून द्या. शेडमधल्या डिप्लोमावाल्या पोराने समजावले, सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, इथे पाणी शंभरच्या आधीच उकळते. दाजींनी वहीत लिहून घेतले. मग नळीच्या टोकाला पहिले थेंब आले, त्यांची बारीक धार झाली, आणि दाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

पहिली वाटीभर त्यांनी घेतली, वास घेतला, मान हलवली आणि गटारीत ओतून दिली. डोके. पुढचे पाणी त्यांनी बाटल्यांत भरले, उजेडात धरून पाहिले, घोट घेऊन जिभेवर फिरवले. "जरा मऊ हाय," म्हणाले. काळीज. शेवटच्या पाण्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो असे त्यांचे म्हणणे पडले. ते वेगळ्या डब्यात पुढच्या घाण्यासाठी गेले. आम्ही कुणी हसलो नाही. हसायची सोय नव्हती. मालक तर हात मागे बांधून अदबीने उभे होते, गिऱ्हाईक शेवटी गिऱ्हाईक. गळती कुठेच नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या शेडमधला फोर्कलिफ्टवाला पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन आला. बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटर पाहिजे होते. त्याने भट्टीकडे पाहिले, ओळीने लावलेल्या बाटल्यांकडे पाहिले, दाजींच्या वहीकडे पाहिले आणि मालकांना विचारले,

"शेठ, पहिल्या धारेचं हाय न्हवं?"

"ते ओतून दिलं," दाजी म्हणाले.

"आयला," तो म्हणाला, "मग दुकानातलंच आणतो."